शुल्क, सेवा आणि नोंदवही : वऱ्हाडातून पाहताना

गेल्या उन्हाळ्यात आमचा एक जुना विद्यार्थी अकोटच्या बसस्थानकाबाहेर भेटला. बी. ए.ला त्याने आमच्याकडे मराठी घेतले होते. पुढे समाजकार्याची पदव्युत्तर पदवी मिळवून तो मेळघाटाच्या पायथ्याच्या गावांत एका प्रकल्पावर काम करू लागला. चहा घेता घेता त्याने खिशातून एक ओळखपत्र काढून आमच्या हाती दिले. राजमुद्रेच्या जवळपास जाणारे एक चिन्ह, त्याखाली ठळक अक्षरांत ‘नोंदणीकृत समाजसेवक’ हे शब्द, मागील बाजूस कुणा पदाधिकाऱ्याची सही. हे पत्र मिळवण्यासाठी त्याने भरलेली रक्कम त्याच्या महिन्याच्या मानधनाच्या निम्म्याहून अधिक होती. ‘सर, हे खरं असते काजी?’ असे त्याने आम्हांला विचारले. उत्तर देणे सोपे होते. ते पत्र कोणत्याही कायद्याने दिलेले नव्हते आणि ते देणाऱ्या संस्थेला तसा अधिकारही नव्हता. त्याने पुढे जे विचारले त्याचे उत्तर मात्र आम्हांला सुचले नाही. ‘मंग खरं कुठी भेटते?’

प्रस्तुत लेख त्या दुसऱ्या प्रश्नाच्या मागावर निघालेला आहे. आम्ही साहित्याचे अध्यापक आहोत. कायदा वा समाजशास्त्र हे आमचे क्षेत्र नव्हे. परंतु ‘नोंदणी’, ‘शुल्क’, ‘सेवक’, ‘मानधन’ या शब्दांना इतिहास आहे, आणि तो इतिहास आमच्या प्रदेशातून वाहत गेलेला आहे. शब्दांच्या वाटेने गेल्यास प्रश्नाचे मूळ सापडेल, एवढ्याच भरवशावर हे लेखन केले आहे.

१

‘शुल्क’ हा शब्द आज आपण ‘फी’चा सभ्य पर्याय म्हणून वापरतो. प्रवेशशुल्क, परीक्षाशुल्क, नोंदणीशुल्क. मुळात हा शब्द वेशीवरचा आहे. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात ‘शुल्काध्यक्ष’ नावाचा एक अधिकारी येतो. नगराच्या महाद्वारापाशी शुल्कशाळा उभारून आत येणाऱ्या मालावर जकात घेणे हे त्याचे काम. संस्कृतात याच शब्दाचा दुसरा अर्थ वधूमूल्य असाही आहे. दोन्ही अर्थांत एक गोष्ट समान आहे : उंबरठा ओलांडण्याचे मोल म्हणजे शुल्क. ते भरल्यावाचून आत जाता येत नाही.

‘सेवा’ या शब्दाची जातकुळी याच्या नेमकी उलट आहे. सेवेला उंबरठा नसतो. वारीच्या वाटेवर पाणी पाजणाऱ्याला, पंक्तीत पत्रावळी उचलणाऱ्याला कुणी परवाना विचारत नाही. आपल्या भाषेत सेवेच्या मोबदल्याला ‘पगार’ म्हणायलाही जीभ कचरते, म्हणून ‘मानधन’ हा शब्द योजला जातो. त्यात मान अगोदर येतो आणि धन नंतर. अंगणवाडी सेविका आणि आशा कार्यकर्त्या यांच्या वाट्याला हाच शब्द आला, आणि त्या शब्दाच्या आडोशाने धन किती कमी ठेवता येते हेही दिसून आले. एकात्मिक बालविकास सेवा योजना १९७५ साली सुरू झाली. तिच्यात राबणाऱ्या अंगणवाडी सेविका व मदतनीस यांना उपदानाचा हक्क आहे हे सर्वोच्च न्यायालयाने सांगितले ते २०२२ साली. मधल्या ४७ वर्षांत ‘सेविका’ हा शब्द एक प्रकारे त्यांच्याच विरोधात साक्ष देत राहिला.

तेव्हा ‘समाजसेवकाचे नोंदणीशुल्क’ हा शब्दप्रयोग ऐकताच आपल्याला जी विसंगती जाणवते, ती या दोन शब्दांच्या जुन्या वैरातून आलेली आहे. एक वेशीवर उभा आहे. दुसऱ्याला वेसच ठाऊक नाही.

२

वऱ्हाडात हा विषय काढावा आणि गाडगेबाबांचे नाव येऊ नये, हे शक्य नाही. अकोटच्या पूर्वेला असलेल्या अंजनगाव सुर्जी तालुक्यातील शेंडगाव येथे २३ फेब्रुवारी १८७६ रोजी डेबूजी झिंगराजी जानोरकर यांचा जन्म झाला. बालपण मूर्तिजापूर तालुक्यातील दापुरीला, मामाच्या घरी गुरे राखण्यात आणि शेतीत राबण्यात गेले. १९०५ च्या फेब्रुवारीत त्यांनी घर सोडले. पुढे पूर्णेच्या काठी ऋणमोचन येथे, पौषातल्या रविवारी जिथे यात्रा भरते तिथे, त्यांनी लोकांसाठी घाट बांधवून घेतला. त्यांच्या बांधकामांतले हे अगदी सुरुवातीचे काम. गावाचे नावच ‘ऋणमोचन’ असावे, हा योगायोग अर्थपूर्ण वाटतो. बाबांचे सारे जीवन म्हणजे घेतलेल्या प्रत्येक घासाचे ऋण त्याच दिवशी फेडण्याचा प्रयत्न होता.

त्यांच्या वर्तनाचा एक नियम सर्वपरिचित आहे. गावात शिरताच ते खराट्याने रस्ता झाडू लागत; काम झाल्यावर भाकरी मागत. कामाआधी अन्न नाही आणि कामाबद्दल पैसा नाही. पाया पडू देत नसत, हारतुरे स्वीकारत नसत. लोकांकडून आलेला पैसा मात्र त्यांनी नाकारला नाही. तो त्यांनी धर्मशाळांत, अन्नछत्रांत, शाळांत आणि वसतिगृहांत घातला. येथे एक बाब नीट लक्षात घ्यावी लागते. संत म्हणून आपण त्यांच्या निःस्पृहतेचे गोडवे गातो, परंतु त्या निःस्पृहतेला हिशेबाची जोड होती. मालमत्ता स्वतःच्या नावे न ठेवता ती विश्वस्तांच्या हाती सोपवण्याची दक्षता त्यांनी घेतली. पंढरपूरची चोखामेळा धर्मशाळा १९४९ साली त्यांनी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीकडे दिली. ८ फेब्रुवारी १९५२ रोजी गाडगे महाराज मिशनची स्थापना झाली. अक्षरओळख नसलेल्या या माणसाला नोंदीचे, दस्ताचे आणि विश्वस्तपत्राचे महत्त्व पुरते उमगले होते. मालमत्तेची नोंद करायची आणि माणसाची मात्र नाही, हा त्यांचा मार्ग होता.

याच सुमारास पुण्या-मुंबईकडे दुसरी एक वाट आखली जात होती. १९०५ च्या जूनमध्ये गोपाळ कृष्ण गोखले यांनी भारत सेवक समाजाची स्थापना केली. त्याच्या सदस्याला प्रवेशाच्या वेळी सात प्रतिज्ञा घ्याव्या लागत आणि पाच वर्षे उमेदवारी करावी लागे. संस्था देईल त्या निर्वाहावर समाधान मानीन, स्वतःसाठी पैसा मिळवण्यात शक्ती खर्चणार नाही, ही त्यांतली एक प्रतिज्ञा. १९०६ साली विठ्ठल रामजी शिंदे यांनी डिप्रेस्ड क्लासेस मिशन काढले. १९०८ साली धोंडो केशव कर्वे यांनी निष्काम कर्ममठ स्थापला. १९११ साली ना. म. जोशी यांनी मुंबईत सोशल सर्व्हिस लीगची उभारणी केली. या साऱ्या संस्थांना आपला सेवक कोण हे ठाऊक होते. एका अर्थाने त्यांच्याजवळ नोंदवही होती. पण तिच्यात नाव घालण्याचे शुल्क रुपयांत नव्हते. ते प्रतिज्ञेत होते, आणि म्हणूनच फार महाग होते. सुशिक्षित, बहुधा उच्चवर्णीय, घरच्यांची सोय असलेला तरुणच ते भरू शके. बिनपैशाचा उंबरठा नेहमीच सर्वांसाठी खुला असतो असे नाही, हे येथे नमूद करून पुढे जाऊ.

३

शासनाने सेवाकार्याची नोंद घ्यायला कधी सुरुवात केली? याचे उत्तर १८६० च्या संस्था नोंदणी कायद्यात मिळते. साहित्यिक, शास्त्रीय आणि धर्मादाय हेतूंसाठी सात किंवा अधिक व्यक्ती एकत्र आल्यास त्यांना संस्था नोंदवता येईल, असे तो कायदा म्हणतो. ग्रंथालय, वाङ्मय मंडळ आणि अनाथालय या कायद्याच्या दृष्टीने एकाच पंक्तीला बसतात, ही गोष्ट साहित्याच्या विद्यार्थ्यांना गमतीची वाटावी. त्याच कायद्यात नोंदणीचे शुल्क ५० रुपये, किंवा सरकार ठरवील ती त्याहून कमी रक्कम, असे म्हटले आहे. १८६० साली ५० रुपये ही लहानसहान रक्कम नव्हती. सेवेच्या वेशीवर शुल्काध्यक्ष प्रथम उभा राहिला तो इथे. त्याने अडवले ते संस्थेला, सेवकाला नव्हे.

वऱ्हाडाची राजकीय गुंतागुंत यात आणखी भर घालते. १८५३ च्या तहाने हा प्रदेश निजामाकडून इंग्रजांच्या कारभाराखाली आला. नंतर मध्य प्रांताला जोडला गेला. स्वातंत्र्यानंतर मध्य प्रदेशात राहिला. १ नोव्हेंबर १९५६ रोजी द्वैभाषिक मुंबई राज्यात आणि १ मे १९६० रोजी महाराष्ट्रात आला. त्यामुळे मुंबई सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायदा १९५० साली झाला तेव्हा तो पुण्या-मुंबईला लागू झाला, अकोटला नाही. आमच्याकडे १९५१ चा मध्य प्रदेशचा कायदा होता. पुण्यातील विश्वस्त धर्मादाय आयुक्तांकडे जात, अकोल्याचे जिल्हाधिकाऱ्यांकडे. द्वैभाषिकाच्या अखेरीस एकीकरणाचा कायदा झाला आणि मग विदर्भातील न्यासही धर्मादाय आयुक्तांच्या कक्षेत आले. नव्या राज्याने आमच्या धर्मशाळांना आणि गोरक्षणांना नवी नोंदवही दिली.

त्या मुंबई कायद्याच्या ५८ व्या कलमाने नोंदलेल्या न्यासांवर एक वार्षिक अंशदान बसवले. लोकांनी धर्मार्थ दिलेल्या पैशातून सरकारने हिस्सा का घ्यावा, असा वाद उभा राहिला आणि रतिलाल पानाचंद गांधी विरुद्ध मुंबई राज्य या खटल्यात तो सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. १९५४ साली त्याचा निकाल लागला. त्याच वर्षी उडुपीच्या शिरूर मठाच्या प्रकरणात न्यायालयाने ‘कर’ आणि ‘शुल्क’ यांतील भेद विशद केला होता. कर हा सक्तीचा असतो, तो सामान्य तिजोरीत जातो आणि भरणाऱ्याला त्याच्या बदल्यात विवक्षित असे काही मिळेलच असे नाही. शुल्क मात्र एका विशिष्ट सेवेपोटी घेतले जाते आणि त्या सेवेच्या खर्चाशी त्याचा संबंध असावा लागतो. या कसोटीवर मद्रासची आकारणी कर ठरली आणि म्हणून टिकली नाही. मुंबईचे अंशदान स्वतंत्र निधीत जमा होऊन न्यासांच्या व्यवस्थेवरच खर्च व्हायचे होते, म्हणून ते शुल्क ठरले आणि टिकले. पुढे या निधीत खर्चाहून कितीतरी अधिक पैसा साठत गेल्याचा आक्षेप आला आणि २००९ साली मुंबई उच्च न्यायालयाच्या आदेशाने वसुली थांबली.

वरवर कोरडा वाटणारा हा न्यायनिर्णय आमच्या मते या संपूर्ण चर्चेचा कणा आहे. पैसे भरणाऱ्याने ‘मला याच्या बदल्यात काय मिळते?’ असे विचारणे हा उर्मटपणा नव्हे. तो प्रश्न ‘शुल्क’ या शब्दाच्या व्याख्येतच बसलेला आहे. आमच्या विद्यार्थ्याने बसस्थानकाबाहेर तोच प्रश्न केला होता.

४

आता संस्थेकडून व्यक्तीकडे वळू. समाजसेवा हा शिकून करावयाचा व्यवसाय आहे ही कल्पना महाराष्ट्रात कोठे रुजली? मुंबईच्या नागपाड्यात. अमेरिकन मराठी मिशनचे क्लिफर्ड मॅनशार्ट यांनी तेथे नेबरहूड हाऊस चालवले होते. त्याच वास्तूत १९३६ साली सर दोराबजी टाटा ग्रॅज्युएट स्कूल ऑफ सोशल वर्क सुरू झाले. पहिल्या तुकडीत २० विद्यार्थी होते. आजची टाटा सामाजिक विज्ञान संस्था ती हीच. पुढे मुंबईत निर्मला निकेतन, नागपुरात मातृ सेवा संघाची समाजकार्य संस्था, पुण्यात कर्वे समाजसेवा संस्था अशी मालिका तयार झाली. १९४८ च्या कारखाने अधिनियमाने ५०० किंवा अधिक कामगार असलेल्या कारखान्यात कल्याण अधिकारी नेमणे बंधनकारक केले आणि समाजकार्याच्या पदवीला एक नोकरी मिळाली. गिरण्या आणि कारखाने यांच्या जगात ‘वेल्फेअर ऑफिसर’ हा शब्द रूढ झाला तो तेव्हापासून.

नागपाड्यापासून जवळच जे. जे. रुग्णालय आहे. १९४६ साली देशातील पहिल्या वैद्यकीय समाजसेवकाची नेमणूक येथे झाली. आणि याच रुग्णालयाच्या परिसरात गाडगेबाबांच्या प्रेरणेने रुग्णांच्या नातेवाइकांसाठी धर्मशाळा उभी राहिली. या तीन वास्तू एकमेकींपासून पायी जाण्याच्या अंतरावर आहेत, याकडे आमच्या अभ्यासकांचे फारसे लक्ष गेलेले नाही. एका ठिकाणी समाजकार्याचे शास्त्र शिकवले जात होते, दुसरीकडे त्या शास्त्राला सरकारी पद मिळाले होते, आणि तिसरीकडे वऱ्हाडातून गेलेल्या एका निरक्षर माणसाने खेड्यातल्या रुग्णाच्या आईला रात्री पाठ टेकायला जागा दिली होती. अकोट-अकोल्याकडून मोठ्या आजारासाठी मुंबईला गेलेल्या अनेक कुटुंबांना या तिघांपैकी तिसऱ्याचे नाव पाठ असते. दुसऱ्याची सही मात्र त्यांना कागदावर लागते. मदतनिधीच्या अर्जावर, सवलतीच्या शिफारशीवर. पहिल्याशी त्यांचा कधी संबंध येत नाही.

आम्हांला या तिघांत चढउतार लावायचा नाही. रुग्णालयातील प्रशिक्षित समाजसेवक जे करतो ते केवळ सद्भावनेने होत नाही. घरी मारहाण सोसून आलेल्या बाईने सांगितलेली गोष्ट गुप्त ठेवणे, दत्तकविधानापूर्वी कुटुंबाची चौकशी करणे, आत्महत्येचा विचार बोलून दाखवणाऱ्या शेतकऱ्याशी काय बोलावे आणि काय बोलू नये हे जाणणे, यांना शिक्षण लागते. २००६ साली पंतप्रधानांच्या विशेष पॅकेजमध्ये ज्या सहा जिल्ह्यांचा समावेश झाला त्यांत अमरावती आणि अकोला होते. ते कशामुळे, हे वेगळे सांगण्याची गरज नाही. अशा प्रदेशात अनाडी समुपदेशनाने माणसाचा जीव जाऊ शकतो. डॉक्टर चुकला तर तक्रार करण्यासाठी वैद्यक परिषद आहे. वकील चुकला तर बार कौन्सिल आहे. समाजसेवक चुकला तर कुठे जायचे?

५

याचे उत्तर आजही अपुरे आहे. भारतात समाजकार्य या व्यवसायासाठी वकिलीसारखी सर्वसाधारण वैधानिक परिषद नाही. राष्ट्रीय परिषदेच्या विधेयकाचा मसुदा १९९३ साली तयार झाला होता. व्यावसायिक संघटना व अध्यापक तेव्हापासून पाठपुरावा करत आले, पण मसुद्याचा कायदा झाला नाही. जे झाले ते तुकड्यातुकड्यांत झाले. १९९२ च्या भारतीय पुनर्वास परिषद कायद्याच्या कक्षेत पुनर्वसन क्षेत्रातील समाजसेवक आले. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने मनोविकार क्षेत्रातील समाजसेवकाची व्याख्या केली. २०२१ च्या राष्ट्रीय संलग्न व आरोग्यसेवा व्यवसाय आयोग कायद्याच्या अनुसूचीत वैद्यकीय आणि मनोविकार समाजसेवकांचा उल्लेख आला, आणि राज्य परिषदा व नोंदवह्या यांची तरतूद झाली.

म्हणजे रुग्णालयाच्या भिंतीआड काम करणाऱ्याला वेस दिसू लागली आहे. बाहेर गावात काम करणाऱ्याला नाही. आमचा विद्यार्थी ज्या भागात काम करतो तेथे मेळघाट व्याघ्र प्रकल्पातून उठवून अकोट तालुक्यात वसवलेली केलपाणी, गुल्लरघाट, अमोना यांसारखी गावे आहेत. सोयी मिळाल्या नाहीत म्हणून यांतील काही कुटुंबे पुन्हा जंगलातील आपल्या जुन्या ठिकाणी गेली आणि २०१९ च्या जानेवारीत तेथे संघर्ष उडाला. अशा जागी कोरकू कुटुंब आणि शासन यांच्या मधोमध उभे राहणारा माणूस कोण, त्याला कुणी नेमले, तो कुणाला उत्तरदायी, हे कोणत्याही नोंदवहीत सापडत नाही. पोकळी आहे म्हणूनच खिशात मावणारी बनावट ओळखपत्रे विकली जातात.

इतर देशांनी ही पोकळी कशी भरली? इंग्लंडमध्ये २००० च्या कायद्याने परिषद स्थापन झाली आणि एप्रिल २००५ पासून नोंदणीवाचून कुणालाही ‘सोशल वर्कर’ हे पदनाम लावता येईनासे झाले. आरंभी वार्षिक शुल्क ३० पौंड होते. २०१२ साली नोंदवही दुसऱ्या परिषदेकडे गेली आणि शुल्क ७६ पौंड झाले; डिसेंबर २०१९ मध्ये ‘सोशल वर्क इंग्लंड’ ही स्वतंत्र संस्था आली तेव्हा ते ९० पौंड होते. तेथे तक्रारींची चौकशी होते, निर्णय प्रसिद्ध होतात, नोंदवही कुणालाही पाहता येते. शुल्काच्या बदल्यात काय मिळते याचे उत्तर निदान देता येते. परंतु आकडे एकाच दिशेने सरकतात, हेही त्यातून दिसते.

६

आपल्याकडे व्यवसायाच्या वेशीवरील शुल्काचा सर्वांत बोलका प्रसंग समाजकार्यातला नाही, वकिलीतला आहे. १९२३ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकर बॅरिस्टर होऊन मुंबईस परतले. कोलंबिया आणि लंडन येथील पदव्या त्यांच्यापाशी होत्या. वकिलीची सनद काढण्यापुरते पैसे नव्हते. नवल भथेना या पारशी मित्राने ५०० रुपये दिले आणि सनद निघाली, असे चरित्रकारांनी नोंदवले आहे. मित्र नसता तर? या एका प्रश्नात शुल्काच्या राजकारणाचे सार आहे. शुल्क सर्वांना सारखे असते, पण ते भरणाऱ्यांची परिस्थिती सारखी नसते.

शंभर वर्षांनंतर हाच प्रश्न सर्वोच्च न्यायालयापुढे आला. १९६१ च्या अधिवक्ता कायद्याने नोंदणीचे शुल्क सर्वसाधारण उमेदवारास एकूण ७५० रुपये आणि अनुसूचित जाती-जमातींच्या उमेदवारास १२५ रुपये असे ठरवलेले असताना, राज्याराज्यांच्या परिषदा निरनिराळ्या नावांखाली १५ हजारांपासून ४० हजारांच्या वर रक्कम घेत होत्या. ३० जुलै २०२४ रोजी गौरव कुमार खटल्यात न्यायालयाने हे बेकायदा ठरवले. कायद्यात लिहिले आहे त्याहून अधिक घेता येणार नाही. अवाजवी शुल्क दुर्बल घटकांतून येणाऱ्यांच्या समतेच्या आणि व्यवसायस्वातंत्र्याच्या हक्कावर आघात करते, असे त्या निकालाचे सूत्र आहे.

समाजकार्याच्या बाबतीत याचे वजन दुप्पट होते. आमच्या भागात समाजकार्याच्या महाविद्यालयांत जाणारी मुले बहुतांशी शेतमजुरांची, लहान शेतकऱ्यांची, पूर्वाश्रमीच्या अस्पृश्य आणि आदिवासी समाजांतील आहेत. वैद्यकीला जाणारा विद्यार्थी पुढील मिळकतीच्या भरवशावर नोंदणीशुल्क भरतो. समाजकार्याच्या पदवीधरापुढे बहुधा अकरा महिन्यांचा करार आणि ‘मानधन’ हा शब्द असतो. बैरागडला डॉ. रवींद्र कोल्हे यांनी रुग्णाकडून दोन रुपये फी घेऊन वैद्यकी केली आणि २०१९ साली डॉ. स्मिता कोल्हे यांच्यासह त्यांना पद्मश्री मिळाली. ते दोन रुपये आम्हांला शुल्काचे आदर्श रूप वाटतात. घेणारा आणि देणारा दोघांचीही मान ताठ ठेवणारी ती रक्कम आहे. पण डॉक्टराने रुग्णाकडून किती कमी घ्यावे याचा आदर्श आपल्यापाशी आहे; परिषदेने सेवकाकडून किती कमी घ्यावे याचा नाही.

७

तेव्हा आमचे मत काय? आम्ही आपसात यावर बराच वाद घातला आणि तो पूर्ण मिटला असे नाही. आमच्यापैकी एकाचे म्हणणे असे की नोंदवही आली की गाडगेबाबांच्या वाटेने जाणारा माणूस अनधिकृत ठरेल. ज्यांच्या नावाने आमचे विद्यापीठ चालते त्यांनाच आम्ही नोंदणीअभावी बाहेर ठेवू. दुसऱ्याचे म्हणणे असे की बाबांचे नाव पुढे करून अप्रशिक्षित, अनुत्तरदायी माणसांना गरिबांच्या घरात मोकळे सोडणे हा बाबांचाच अवमान आहे.

दोन्ही बाजूंना जोडणारा एक धागा आम्हांला इतिहासात सापडतो. बाबांनी माणसाची नोंद केली नाही, पण पैशाची आणि मालमत्तेची केली. कारण तेथे दुसऱ्याचा विश्वास गुंतलेला होता. हेच तत्त्व पुढे नेले तर असे म्हणता येईल की ज्या कामात दुसऱ्याचे गुपित, दुसऱ्याचे मूल किंवा दुसऱ्याचा जीव सेवकाच्या हाती असतो, त्या कामाची नोंद झालीच पाहिजे. रस्ता झाडायला, अन्न वाढायला, शाळा बांधायला नोंदणी नको. ‘समाजसेवक’ हा शब्द कुणाच्या मालकीचा होऊ नये. विशिष्ट पदनाम आणि विशिष्ट जबाबदारी तेवढी नोंदवहीशी बांधावी.

आणि शुल्क? त्याला १९५४ ची कसोटी लावावी : बदल्यात काय मिळते ते सांगा. त्याला २०२४ ची कसोटी लावावी : रक्कम कायद्यात लिहा, वरून काही घेऊ नका. मिळकतीच्या प्रमाणात ते ठरावे, आणि मानधनावर राबणाऱ्याकडून ते घेऊच नये. मुख्य म्हणजे तक्रारीचे दार अकोटच्या बाईला मराठीत आणि पोपटखेडच्या कोरकू माणसाला त्याच्या बोलीत ठोठावता आले पाहिजे. ते दार नसेल तर नोंदणीशुल्क हे पुन्हा वेशीवरची जकातच ठरेल, आणि मग खऱ्या ओळखपत्रात आणि त्या बनावट ओळखपत्रात फरक उरेल तो राजमुद्रेचा.

आमच्या विद्यार्थ्याला आम्ही यातले थोडेच सांगू शकलो. ते पत्र दाखवत फिरू नकोस, एवढे सांगितले. त्याने ते खिशात ठेवले, चहाचे पैसे आम्हांला देऊ दिले नाहीत, आणि पोपटखेडची गाडी लागली म्हणून तो उठला. त्या गावात त्याला कुणी ओळखपत्र विचारत नाही. तो ठरल्या दिवशी येतो, एवढीच त्याची तेथली नोंद आहे. ती पुसली जाऊ नये आणि तिचा कुणी गैरफायदाही घेऊ नये, एवढे साधणारी नोंदवही अजून लिहायची आहे.